भूल देणाऱ्यालाच भूल पडू लागते तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे डॉक्टरांच्या घरांतून आलेली आहेत आणि तिन्हींत एकच शंका वेगवेगळ्या वयात विचारलेली आहे: हा निव्वळ थकवा आहे की मेंदूच कमी पडू लागला आहे? पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न: मी ४७ वर्षांची भूलतज्ज्ञ असून एका ठिकाणी नोकरी न करता नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेतील पाच-सहा रुग्णालयांत बोलावतील तशी जाते. सकाळी सातला पहिली केस आणि रात्री केव्हाही सिझेरियनसाठी फोन, असे अठरा वर्षे चालले आहे. गेल्या सात-आठ महिन्यांत ओळखीच्या सर्जनचे नाव ओठांवर येत नाही, गाडी कोणत्या गल्लीत लावली ते आठवत नाही आणि मागच्या महिन्यात एका केसच्या वेळी भलत्याच औषधाचे अँप्यूल (काचेची छोटी कुपी) माझ्या हाती आले; सिस्टरने टोकले म्हणून निभावले. रुग्ण आता मला माणूस न वाटता 'पुढची केस' वाटतो, याची लाज वाटते. माझ्या आजीला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे भीतीही आहे. एका कोचने तीन महिन्यांचा कार्यक्रम सुचवला आहे. त्यात सुरुवातीला संगणकावर वीस मिनिटांची 'ब्रेन टेस्ट', मग दर आठवड्याला एक सत्र आणि शेवटी पुन्हा तीच टेस्ट घेऊन 'सुधारलेला स्कोअर' दाखवला जातो. हा खर्च करावा का?

उत्तर: आधी अँप्यूलबद्दल लिहितो, कारण बाकी सगळे महिनाभर थांबू शकते, ते थांबू शकत नाही. ज्या दिवशी रात्री झोप झालेली नाही, त्या दिवशीच्या ठरलेल्या केस सहकाऱ्याला द्या. अठरा वर्षे तुम्ही इतरांच्या केस सांभाळल्या असतील, आता त्यांची पाळी आहे. सिरिंज भरली की लगेच लेबल लावणे, औषधाचे नाव व मात्रा सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवणे आणि दिसायला सारखी अँप्यूल एका ट्रेमध्ये न ठेवणे, हे तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. पण आपण अनुभवी झालो की या गोष्टी नवशिक्यांसाठी आहेत असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-यादी दिली, तिच्यात भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे ठेवलेले आहेत. चांगल्या माणसाचे लक्षही कधीतरी उडणारच, हे त्या यादीने आधीच गृहीत धरलेले आहे. सिस्टरने टोकले याचा अर्थ व्यवस्था चालली. तिचे आभार मानले नसतील तर जरूर माना, म्हणजे ती पुढच्या वेळीही टोकेल.

आता मूळ शंकेकडे वळू. तुम्ही वर्णन केलेले चित्र बर्नआउटचे आहे, असे पत्रावरून तरी वाटते. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी हा शब्द मानसशास्त्रीय लिखाणात आणला आणि १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन यांनी त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात: भावनिक दमणूक, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. रुग्ण 'पुढची केस' वाटणे हा यातला दुसरा भाग आहे. त्याची तुम्हाला लाज वाटते, याचा अर्थ तुमच्यातला डॉक्टर अजून जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरता राहिल्याने उद्भवणारी ती स्थिती आहे, असे तिथे नोंदवलेले आहे.

या स्थितीत विसरभोळेपणा खरोखर येतो. लक्ष टिकवणे, दोन कामांत मनाची उडी मारणे आणि चालू क्षणाची माहिती डोक्यात धरून ठेवणे या क्षमता दमलेल्या माणसात खालावतात. मात्र 'माझी स्मरणशक्ती गेली' ही तक्रार आणि चाचणीत दिसणारी प्रत्यक्ष स्मरणशक्ती यांचा मेळ अनेकदा बसत नाही; तक्रार ही बहुतेक वेळा मनःस्थितीच्या मागे जाते. बोधनिक चाचणीची, म्हणजे लक्ष, स्मरण, विचाराचा वेग आणि नियोजन मोजणाऱ्या चाचणीची, खरी किंमत मला इथे दिसते: तुम्हाला काय वाटते आणि प्रत्यक्षात काय घडते आहे, हे ती वेगळे करून दाखवते.

पण ती चाचणी कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुमच्या परिचयाची 'मोका' ही तीस गुणांची चाचणी झियाद नासरेद्दीन यांनी तयार केली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि २६ किंवा अधिक गुण सामान्य धरले गेले. ती वयस्कर रुग्णातील सौम्य घसरण हुडकण्यासाठी आहे. वर्षानुवर्षे परीक्षा देत आलेल्या आणि घड्याळाचे चित्र काढण्याचा प्रश्न स्वतः रुग्णांना विचारलेल्या डॉक्टरला तिच्यात २९ गुण पडले, तर त्यातून फारसे काही कळत नाही. जो पूर्वी फार वर होता, तो बराच खाली येऊनही 'सामान्य'च्या रेषेवर राहू शकतो. बहुतेक डॉक्टर मोबाईलवर अशी चाळणी-चाचणी स्वतःच स्वतःची घेतात आणि निर्धास्त होतात किंवा हादरतात. दोन्हींचा उपयोग नाही.

खरी तपासणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे) होते आणि तिला काही तास लागतात. आकड्यांची मालिका सुलट व उलट म्हणणे, शब्दांची यादी अनेकदा ऐकून अर्ध्या तासाने आठवणे, रंगाचे नाव एक आणि शाई दुसरी असताना शाईचा रंग सांगणे, अशी ती तुकड्यातुकड्यांनी होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००४ मध्ये काढलेल्या चाचणीसंचात वय, लिंग आणि शिक्षण पाहून भारतीय माणसांचे निकष दिलेले आहेत. केवळ अमेरिकी निकषांवर तुम्हाला मोजले जात असेल, तर तसे विचारून घ्या. भाषेचाही विचार व्हावा. तुमचे पाढे मराठीत झाले असतील आणि वैद्यक इंग्रजीत, तर कोणती चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची हे आधी ठरवावे लागते.

अशा तपासणीत एकूण गुणांपेक्षा चुकांची ठेवण जास्त बोलते. थकलेल्या किंवा उदास माणसाला यादीतला शब्द आपणहून आठवत नाही, पण 'ते एक फळ होते' असा धागा दिला किंवा चार शब्दांतून ओळखायला सांगितले की तो चटकन सापडतो. म्हणजे शब्द साठवला गेला होता, बाहेर निघत नव्हता. अल्झायमरमध्ये बहुधा धाग्याचाही उपयोग होत नाही, कारण शब्द मुळात साठवलाच गेलेला नसतो. ओठांवर येऊन अडणारी सर्जनची नावे नंतर लिफ्टमध्ये तुम्हाला आठवत असतील, तर ते पहिल्या प्रकाराकडे झुकणारे लक्षण आहे. आजीचा आजार म्हातारपणी सुरू झाला होता, हेही लक्षात घ्या. तेवढ्यावरून ४७ व्या वर्षी तुमच्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

तरीही उद्याच चाचणीला जाऊ नका, असे मी सुचवीन. आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि विशेषतः बी-१२, कारण शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते आणि ती थेट स्मरणावर उठते. घोरणे, सकाळी डोके जड राहणे असे असेल तर झोपेत श्वास अडतो का ते पाहावे लागेल. तुमच्या वयात पाळीतील बदलांबरोबर झोप मोडणे आणि शब्द न सुचणे पुष्कळ स्त्रियांना जाणवते. स्त्रीरोगतज्ज्ञ रोज समोर असूनही तुम्ही त्यांना हे विचारले नसेल, अशी माझी अटकळ आहे. झोपेसाठी किंवा ॲलर्जीसाठी स्वतःच गोळी घेत असाल तर तीही सांगा. आणि उदासीनता, म्हणजे डिप्रेशन, आहे का हे कोणाकडून तरी तपासून घ्या. बर्नआउट झालेला माणूस सुटीत थोडा तरी खुलतो. सुटीतही काहीच गोड लागत नसेल, भूक आणि झोप दोन्ही गेल्या असतील, तर तिथे उपचार लागतो, कोच नव्हे. हे सगळे झाल्यावर, दोन-तीन रात्री नीट झोपून, रिकाम्या दिवशी सकाळी चाचणी द्या. रात्रपाळीनंतर दिलेली चाचणी त्या रात्रीचे मोजमाप असते, तुमचे नव्हे.

मग कोचिंग? आपल्याकडे हा शब्द ऐकला की नीट आणि जेईईचे क्लास आठवतात, पण हे वेगळे आहे. कोच तुमच्या भूतकाळाचा उलगडा करत नाही आणि औषधही देत नाही. तुम्हाला काय बदलायचे आहे हे तुमच्याच तोंडून काढून घेतो आणि पुढच्या भेटीत 'मग केले का?' असे विचारतो. त्याला थोडाफार पुरावाही आहे. मेयो क्लिनिकमधील ८८ डॉक्टरांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला (आपले नागपूरचे मेयो रुग्णालय नव्हे, अमेरिकेतले). चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटाला फोनवरून सहा सत्रे दिली. पहिले तासाचे आणि बाकीची अर्ध्या तासाची, म्हणजे एकूण साडेतीन तास. पाच महिन्यांनी त्या गटाची भावनिक दमणूक कमी झाली होती, तर दुसऱ्या गटाची किंचित वाढली होती. मात्र रुग्णांविषयीच्या कोरडेपणात लक्षणीय फरक पडला नाही. आणि त्या अभ्यासाने प्रश्नावल्यांतून बर्नआउट मोजले होते, मेंदूचा स्कोअर नव्हे.

तुमच्या पत्रातला कार्यक्रम मला खटकतो तो याच जागी. कोणतीही बोधनिक चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण बहुधा वाढतात, कारण प्रश्नांची रीत ओळखीची झालेली असते; मानसशास्त्रात याला सरावाचा परिणाम म्हणतात. त्यासाठीच जाणकार पुन्हा तपासताना मधे पुरेसे अंतर ठेवतात, शक्य तिथे समांतर आवृत्ती वापरतात आणि सरावाने होणारी वाढ हिशेबात धरतात. तीन महिन्यांनी तीच वीस मिनिटांची टेस्ट घेऊन वाढलेले गुण दाखवणे म्हणजे मधल्या सत्रांत नुसत्या गप्पा झाल्या असत्या तरी जे दिसले असते, त्याचे श्रेय घेणे होय. याहून वाईट शक्यता अशी की तुम्हाला खरोखर थायरॉइडचा त्रास असेल, गुण तरीही चार टक्क्यांनी वाढतील आणि तुम्ही निश्चिंत व्हाल.

म्हणून कोच हवा असेल तर जरूर घ्या, पण टेस्ट त्याच्या दुकानात घेऊ नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारून पाहता येते. कोच म्हणवून घ्यायला मात्र तशी कोणतीही नोंदणी लागत नाही. चांगल्या कोचची माझी खूण साधी आहे: 'हे माझ्या आवाक्यातले नाही, मनोविकारतज्ज्ञाला भेटा' असे तुम्ही आजवर किती जणांना सांगितले, असे त्याला विचारा. उत्तर शून्य असेल तर निघून या. तुमच्या बाबतीत कोचकडून करून घेण्याजोगे काम मला एकच दिसते, आणि ते सोपे नाही. पाच-सहा रुग्णालयांना मिळून 'आठवड्यातल्या या तीन रात्री मी येणार नाही' असे कळवायचे आणि फोन आला तरी ते पाळायचे. स्वतंत्र भूलतज्ज्ञाला आज नकार दिला की उद्या दुसऱ्याला बोलावतील ही भीती असते, आणि ती खोटी नाही. त्या भीतीचा हिशेब रुपयांत मांडला की बहुधा ती वाटते तेवढी मोठी निघत नाही.

आणखी एक. अहवाल कोणाच्या हाती जाणार, हे चाचणीला बसण्यापूर्वी लेखी ठरवा. स्वतःहून करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल तुमचा असतो आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुम्ही कामास योग्य आहात का हे पाहण्यासाठी रुग्णालयाने पाठवले असेल तर गोष्ट निराळी. तिथे अहवाल मागणारे रुग्णालय असते, तुम्ही नव्हे. या दोन्ही तपासण्या एकाच बैठकीत उरकू देऊ नका.

प्रश्न: माझा मुलगा एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत तो नेहमी पहिला असे. आता म्हणतो, 'बाबा, मी मठ्ठ झालो आहे, वाचलेले काही राहत नाही.' सलग तीस-छत्तीस तासांची ड्युटी असते. त्याचा बुद्ध्यंक काढून घ्यावा का? त्याला धीर येईल असे वाटते.

उत्तर: बुद्ध्यंक आत्ता काढू नका. छत्तीस तास जागलेल्या मुलाचा आकडा कमी येईल आणि तो आकडा तो आयुष्यभर उरी बाळगेल. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिले की सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपण त्या अवस्थेतल्या माणसाला गाडी चालवू देत नाही, पण सलाइन लावू देतो. २००४ मध्ये अमेरिकेतील इंटर्न डॉक्टरांवर झालेल्या लँड्रिगन यांच्या अभ्यासात, लांबलचक पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या. त्याच मुलांना कमी तासांचे वेळापत्रक दिले तेव्हा त्या कमी झाल्या. त्यांची बुद्धी तीच होती.

वाचलेले टिकण्यासाठी झोप लागते. दिवसाचे शिकलेले मेंदू रात्री पक्के करतो. त्यामुळे तुमचा मुलगा म्हणतो ते खरे आहे, फक्त त्याने काढलेला अर्थ चुकीचा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांत निवासी डॉक्टरांना वाजवी कामाचे तास, विश्रांती, आठवड्याची सुटी आणि वर्षाला किमान वीस दिवसांची रजा यांचा उल्लेख आहे. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. कागद आणि वॉर्ड यांत अंतर आहे हे मी जाणतो. मीही त्याच वॉर्डांतून आलो आहे आणि रजेचा अर्ज खिशात ठेवून तो न देताच परत आल्याचे मला आठवते. तरी रजा शिल्लक असेल तर त्याला चार दिवस घरी बोलवा, पाहुणे बोलावू नका आणि अभ्यासाचा विषय काढू नका. चार दिवसांत तो थोडा हसू-बोलू लागला तर निदान बरेचसे झाले. मग वाटल्यास वरिष्ठ सहकाऱ्याची किंवा कोचची मदत घेता येईल. ड्युटीची यादी मात्र कोच बदलू शकत नाही, ती विभागानेच बदलायची असते, आणि ती बाब मुलाने एकट्याने नव्हे तर निवासी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत मांडावी.

'मठ्ठ झालो' याच्या पुढे जाऊन 'मी नसलो तर बरे' अशा अर्थाचे काही तो बोलला असेल, सहज किंवा थट्टेत बोलला असेल तरीही, त्याच दिवशी त्याला थेट विचारा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न: माझे वडील ७१ वर्षांचे असून आमच्या भागात त्यांचा जुना दवाखाना आहे. ते तेच औषध दोनदा लिहितात, असे औषधाच्या दुकानदाराने मला हळूच सांगितले. बाबांना चाचणीसाठी कसे तयार करू?

उत्तर: दुकानदाराने सांगितले हीच मोठी गोष्ट आहे, बहुतेक दुकानदार चिठ्ठी परस्पर दुरुस्त करून गप्प बसतात. हे प्रश्न जगात सगळीकडे अवघड ठरलेले आहेत. अमेरिकेतील येल न्यू हेवन रुग्णालयाने आपल्याकडे काम करणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या १४१ डॉक्टर व अन्य वैद्यकीय व्यावसायिकांची तपासणी केली, तेव्हा १८ जणांमध्ये स्वतंत्रपणे काम करण्यात अडचण येईल अशी घट आढळली. आणि केवळ वयावरून चाचणी लावली म्हणून त्याच रुग्णालयावर २०२० मध्ये तिथल्या समान संधी आयोगाने दावाही दाखल केला. बाकीच्या १२३ जणांत तसे काही आढळले नाही, हेही विसरू नका. आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी व्याख्यानांना हजर राहिल्याचे गुण मोजले जातात, स्मरणशक्ती मोजली जात नाही. त्यामुळे हे काम घरावर येते.

इथे दमणूक हे पहिले अनुमान धरू नका. हा विसर इतरांनी पाहिलेला आहे आणि तो कामात दिसतो आहे, म्हणून चाचणी लवकर हवी; मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी आणि रक्ताच्या चाचण्याही सोबत कराव्यात. 'बाबा, तुम्ही विसरता' असे म्हणू नका. ज्या समवयस्क डॉक्टर मित्राचा शब्द ते मानतात, त्याला 'आपण दोघेही एकदा तपासून घेऊ' असे म्हणायला सांगा आणि त्या मित्रानेही खरोखर तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत दवाखाना बंद करण्याची घाई नको, पण संध्याकाळच्या वेळेला एखादा तरुण डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसवा आणि चिठ्ठ्या छापील करा. दुकानदारालाही सांगून ठेवा की आता त्याने कुजबुजत नव्हे, फोन करून सांगायचे आहे.